खडेबाजारातला परका उन्हाळा

प्रत्येक गावाला त्याचा स्वतःचा असा एक उन्हाळा असतो. विदर्भातला उन्हाळा वाळ्याच्या पडद्यांचा आणि ओस पडलेल्या दुपारांचा. कोकणातला घामाचा, आंब्याफणसांचा आणि पाहुण्यांचा. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या वसलेल्या आपल्या मंडळींना आपापल्या गावचा उन्हाळा सांगायला बसवले, तर प्रत्येकाचे वर्णन निराळे होईल. आमच्या बेळगावचा उन्हाळा त्या मानाने सौम्य. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेल्या या गावाला पूर्वी 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत असत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री ते 'बेळगावी' झाले. पण उन्हाळ्याने आपला स्वभाव त्यामुळे बदललेला नाही.

हा उन्हाळा पाहायचा तर खडेबाजारात यावे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली या साऱ्या पेठांच्या गुंत्यातला हा एक जुना, सदा गजबजलेला रस्ता. एप्रिल उजाडला की येथे लग्नसराईच्या बस्त्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे लोटतात. कापडाच्या दुकानांतील पांढऱ्या गाद्यांवर लुगड्यांच्या घड्या उलगडत जातात, आणि नवऱ्या मुलीची आई किंमत ऐकून क्षणभर डोळे मिटून घेते. खानापूर-जांबोटीकडच्या रानातून करवंदे आणि जांभळे येतात. पाट्या घेऊन बसलेल्या बाया ती पानांच्या द्रोणांतून मोजून देतात. लोणच्याच्या कैऱ्यांचे ढीग लागतात. वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती येते आणि तिच्या पाठोपाठ चित्ररथांची मिरवणूक. ती रात्र बाजारपेठेतले लोक झोपत नाहीत.

आणि या सर्वांवर शिक्का मारतो तो वळीव. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडते, धुळीचा लोट उठतो, दुकानदार बाहेर टांगलेले कपडे दोन्ही हातांनी ओढून आत घेतात आणि पत्र्यांवर गारा ताडताड वाजू लागतात. अर्ध्या तासात सारे शांत. ओल्या मातीच्या वासात रस्ता पुन्हा चालू लागतो. शाळेची सुट्टीही याच काळातली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत. जून आला की शाळा, पाऊस, चिखल आणि ओल्या दप्तरांचा वास. आमच्याकडे उन्हाळा संपतो तो असा.

२०२५ सालच्या जूनमध्ये मात्र याच खडेबाजारात दुसरा एक उन्हाळा येऊन दाखल झाला. तो आकाशातून आला नाही. माझ्या भाचीच्या भ्रमणध्वनीतून आला.

भाची पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. 'घरून काम' करण्याची मुभा मिळाल्याने ती दोन-तीन आठवडे आमच्याकडे मुक्कामाला होती. एके दिवशी सकाळी चहा घेताना ती उत्साहाने म्हणाली, "मामा, उन्हाळ्याचा नवा हंगाम सुरू झाला!" बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात उतरला होता आणि २६ मेला मुंबईत पोहोचला होता. केरळात तो इतक्या लवकर येण्याचे २००९ नंतर प्रथमच घडत होते. दारात छत्र्या निथळत असताना हा कोणता उन्हाळा, अशी पृच्छा केली तेव्हा तिने मला 'पोकेमॉन गो' या खेळाची माहिती करून दिली.

हा खेळ भ्रमणध्वनीवरचा असला तरी एका जागी बसून खेळावयाचा नाही. पडद्यावर आपल्या आसपासच्या खऱ्या रस्त्यांचा नकाशा दिसतो आणि आपण चालू तसतशी त्यातली बाहुली चालते. वाटेत काल्पनिक प्राणी भेटतात. त्यांना पकडून संग्रह करावयाचा. देऊळ, पुतळा, जुनी इमारत, भिंतीवरचे चित्र अशा ठिकाणी निळ्या चकतीचे 'थांबे' असतात. तेथे जाऊन चकती फिरवली की खेळाचे सामान मिळते. काही अंडी मिळतात, ती दोन, पाच किंवा दहा किलोमीटर पायी चालल्यावरच उबतात. वाहनात बसून गेले तर ते अंतर धरले जात नाही. आळसाला थारा न देणारा खेळ, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे तो प्रथम आला; आपल्या देशात अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पण हौशी मंडळींनी आडमार्गाने तो आधीच मिळवला होता. इतका, की सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. देवळांच्या ठिकाणी खेळातली 'अंडी' मिळतात आणि त्यामुळे हिंदू व जैन भाविकांच्या भावना दुखावतात, अशी ती तक्रार होती. ज्या कंपनीने हा खेळ रचला तिचे नाव 'नायँटिक'. हे एका जहाजाचे नाव आहे. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोस आले, किनाऱ्याला लागले ते तेथेच राहिले आणि पुढे शहर वाढत गेले तसे त्याच्याखाली गाडले गेले. आपण रोज ज्यावरून चालतो त्याच्या पोटात काय आहे हे आपल्यास ठाऊक नसते, असे सुचविणारे हे नाव मला फार अन्वर्थक वाटले. मे २०२५ मध्ये हा खेळ स्कोपली नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेला.

आता उन्हाळ्याविषयी. डिसेंबर २०२० पासून या खेळाने वर्षाचे चार हंगाम पाडले आहेत, प्रत्येक सुमारे तीन महिन्यांचा. हंगाम बदलला की रानात भेटणारे प्राणी बदलतात, नवे उत्सव येतात, सजावट बदलते. जून ते सप्टेंबर २०२५ या हंगामाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होता 'आनंदाचे दिवस'. त्या वर्षीचे मोठे मेळे जपानात ओसाका येथे, अमेरिकेत जर्सी सिटी येथे आणि फ्रान्सात पॅरिस येथे भरले, आणि २८ व २९ जून हे दोन दिवस साऱ्या जगाने आपापल्या गावी खेळावे असे ठरले. या दोन दिवसांपैकी शनिवारी, सकाळची शाळा आटोपल्यावर, मी भाचीबरोबर हा परका उन्हाळा पाहावयास खडेबाजारात गेलो. तिने माझ्याही भ्रमणध्वनीवर खेळ बसवून दिला होता. शाळेत मुलांच्या हातून हे यंत्र काढून घेण्यात ज्याची हयात गेली, त्या मुख्याध्यापकाने भर बाजारात ते पुढे धरून चालावे, ही गंमत भाचीला पुरेपूर कळली होती.

पावसाची झड लागलेली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात यंत्र. दुकानांच्या वळचणीने आम्ही चाललो होतो. पडद्यावरच्या नकाशात खडेबाजार म्हणजे दोन फिकट रेषांमधला एक पट्टा. त्यात कापडाची दुकाने नव्हती, भांड्यांचा खणखणाट नव्हता, कुंद्याचा वास नव्हता. पण एका गोष्टीचे नवल वाटले: पडद्यावरही पाऊस पडत होता. डिसेंबर २०१७ पासून हा खेळ प्रत्यक्ष हवामानाची दखल घेतो. पाऊस असला की पाण्यातले, विजेचे आणि कीटकजातीचे प्राणी अधिक भेटतात. स्वच्छ ऊन असेल तर अग्नीचे, गवताचे, जमिनीचे. म्हणजे नावाने उन्हाळा असलेल्या त्या हंगामात आमच्या वाट्याला पावसाळी प्राणीच येत होते. हंगाम ठरवणाऱ्यांनी जून म्हणजे उन्हाळा असे लिहून ठेवले होते, आणि त्यांचेच हवामानाचे यंत्र खडेबाजारात त्यांना खोटे पाडत होते.

भाचीने मग आपल्या संग्रहातले एक पाडस दाखवले. त्याचे नाव डिअरलिंग. ऋतूप्रमाणे त्याच्या अंगाचा रंग पालटतो: वसंतात गुलाबी, उन्हाळ्यात हिरवा, पानगळीत नारिंगी आणि हिवाळ्यात तपकिरी. चारही रंगांची पाडसे तिच्यापाशी होती. मी विचारले, "आणि पावसाळ्याचे?"

"पावसाळ्याचे नाही, मामा. चारच असतात."

मला त्या पाडसाची दया आली. आपल्या परंपरेने वर्षाचे सहा ऋतू केले, दोन-दोन महिन्यांचे: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. त्या सहांत ज्या एकावर आपली शेती, सण, लग्ने आणि शाळांची वेळापत्रके अवलंबून, नेमका तोच त्या पाडसाला ठाऊक नाही. बेळगावात ते जन्मले असते तर जून ते सप्टेंबर कोणत्या रंगाने हिंडले असते? यात खेळ रचणाऱ्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्याने त्याने आपल्या अंगणातून दिसते तेवढेच आभाळ रंगवावे, हे स्वाभाविकच आहे. विचार करावयाचा तो आपण, कारण आपली मुले ते चित्र पाहून ऋतू शिकू लागली आहेत. आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाने 'माझा आवडता ऋतू' या निबंधात पानगळीची लालकेशरी झाडे वर्णिली होती. त्याने ती खानापूर रस्त्यावर पाहिलेली नसणार.

पुढे एका बोळाच्या तोंडाशी पिंपळाखाली शेंदरी मारुतीची लहानशी घुमटी आहे. तेथे निळी चकती फिरत होती. नाव पाहिले तर इंग्रजी लिपीत नुसते 'देऊळ' या अर्थाचा शब्द. भाचीने सांगितले, की ही ठिकाणे कंपनी स्वतः शोधत नाही. खेळणाऱ्यांनीच छायाचित्रे काढून, नाव व वर्णन लिहून ती सुचवावयाची असतात आणि इतर खेळणाऱ्यांनी तपासून मान्य करावयाची असतात. कोणाचे राहते घर चालत नाही. शाळेचे आवारही चालत नाही, हे ऐकून मुख्याध्यापक या नात्याने मी निःश्वास टाकला. चुकलेले किंवा अपुरे नाव दुरुस्त करण्याची सोयही होती. आमच्या आधी कोणी खेळाडू येथे उभा राहिला, त्याने छायाचित्र काढले, नाव विचारण्याइतका वेळ मात्र त्याला मिळाला नाही.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला पाटीवरचे नाव ही क्षुल्लक बाब वाटत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात किती पाट्या लिहिल्या, पुसल्या आणि पुन्हा लिहिल्या गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. तेव्हा म्हटले, नाव नीट विचारून घालावे.

घुमटीशेजारी वळचणीला एक वृद्ध गृहस्थ छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करीत बसले होते. "काय हुडकालासा, सर?" त्यांनी विचारले. या मारुतीला काय म्हणतात असे विचारताच ते म्हणाले, "पारावरचा मारुती. आमचा बा तसंच म्हणायचा." समोरच्या कापडाच्या दुकानातून मालकांनी हाक दिली, "बर्री सर, कूडरी." त्यांच्या घरची भाषा कन्नड. त्यांनी सांगितले, की त्यांच्याकडे याला 'हणमप्पन गुडी' म्हणतात. इतक्यात रुईच्या माळा विकणाऱ्या आजीबाईंनी दोघांनाही मोडीत काढले. "ते सगळं मागनं आलं. हा वळवाचा मारुती. गारा पडाय लागल्या की समदा बाजार हितं पिंपळाखाली येऊन हुबा ऱ्हायचा. माझी सासू सांगायची."

कोणते नाव घालावे? भाची माझ्याकडे पाहू लागली. मी दुकानमालकांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, "तिन्ही लिहा की सर. मारुती काय नको म्हणणार नाही." छत्रीवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. एवढ्यावर तो प्रश्न सुटला. अशा प्रश्नांवर पिढ्या खर्ची पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या पिंपळाखाली त्याला दोन मिनिटे पुरली. भाचीने शीर्षकात 'वळवाचा मारुती' घातले आणि बाकीची दोन्ही नावे वर्णनात. वळीव म्हणजे काय हे इंग्रजीत एका वाक्यात सांगावे लागले, कारण तपासणारा खेळाडू कोठला असेल याचा नेम नव्हता. ते वाक्य रचताना मात्र माझी परीक्षा झाली. 'उन्हाळ्यातला पाऊस' एवढे म्हटले तर त्यात धुळीचा लोट नाही, गारा नाहीत, ओल्या मातीचा वास नाही, आणि संध्याकाळच्या आत सारे आटोपते तो समजूतदारपणाही नाही. शब्दकोशातला शब्द दुसऱ्या भाषेत नेता येतो. अनुभवातला शब्द नेताना अर्धा सांडतो.

या खेळाचा उगम कसा झाला हे मला नंतर वाचावयास मिळाले, आणि मग त्या शनिवारचा सारा प्रकार अधिक उमगला. 'पोकेमॉन' ही कल्पना सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थाची. त्याचा जन्म १९६५ चा. टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात त्याचे बालपण गेले. तेव्हा तेथे भातखाचरे, तळी, ओढे होते आणि हा मुलगा दिवसभर किडे धरीत हिंडे. सोबती त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणून चिडवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळे घेऊन कीटक धरणे हा जपानी मुलांचा जुना छंदच आहे. पुढे शहर वाढले, तळी बुजली, त्यांवर इमारती उठल्या. नव्या मुलांना किडे धरण्याची मौज कोठून मिळणार, या विचारातून त्याने खेळ रचला आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानात विक्रीस आला. त्यातला पोलिवॅग नावाचा एक जीव बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा आहे आणि त्याच्या पोटावर एक भोवरा काढलेला आहे. डबक्यातले ते पिल्लू हातात धरले की पातळ कातडीतून आतडी दिसतात, ती लहानपणची आठवण त्या भोवऱ्यात आहे, असे ताजिरीनेच सांगितले आहे.

म्हणजे ज्याला मी परका उन्हाळा म्हटले, तो मुळात एका मुलाचा हरवलेला उन्हाळा आहे. तळे बुजले; पण त्या मुलाने आपला उन्हाळा जपून ठेवला, त्याला आकार दिला, नावे दिली आणि जगभरच्या मुलांच्या हाती ठेवला. २०२३ मध्ये या खेळात हिंदी भाषा आली आणि आठशेहून अधिक प्राण्यांना हिंदी नावे मिळाली. त्या वेळी मराठी आली नव्हती, कन्नडही नव्हती. त्याबद्दल रुसून बसण्यात अर्थ नाही. आपल्या उन्हाळ्याचे आपण काय केले, हे आधी आपल्यालाच विचारावे लागेल.

कारण हंगामी प्राणी आपल्याकडे काय थोडे होते? रोहिणी नक्षत्राच्या सुमारास झाडेच्या झाडे लुकलुकविणारे काजवे होते. ते पाऊस जोर धरीपर्यंतच दिसत. जूनच्या ७-८ तारखेस मृग निघाला, पहिल्या सरींनी जमीन भिजली, की लालभडक मखमलीचा तुकडा चालू लागावा तसा मृगाचा किडा बांधावर दिसे. संस्कृतात त्याला 'इंद्रगोप' असे सुंदर नाव आहे. शास्त्राने पाहता तो कीटकच नव्हे, कारण त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. वर्षातले मोजके दिवस तो वर येतो आणि मग जमिनीत दिसेनासा होतो. आम्ही मुले त्याला आगपेटीत हिरव्या गवताची गादी घालून ठेवीत असू, शाळेत एकमेकांना दाखवीत असू आणि संध्याकाळी पुन्हा बांधावर सोडून देत असू. संग्रह, देवघेव, दुर्मीळपणा, ठरावीक मुदत: खेळाच्या हंगामात जे आहे ते सारे त्या आगपेटीत होते. फरक एवढाच, की त्या किड्याची वाट पाहावी लागे आणि तो कोणत्याही किमतीला विकत मिळत नसे.

या फरकाविषयी पालकांशी स्पष्ट बोलले पाहिजे. या खेळात फुकट पुष्कळ मिळते. पण नाणी विकतही मिळतात, आणि मेळ्याच्या दिवशी पैसे भरणाऱ्यास अधिक मिळते. 'आजच संपणार' ही घाई मोठ्यांनाही झेपत नाही, मग बारा वर्षांच्या मुलाची काय कथा! ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांवर बंदी आणली. हा खेळ तसल्या पैजेचा नव्हे. पण पैजेचा नाही म्हणून निर्धोकही नव्हे. आपण कोठे आहोत हे त्याला क्षणोक्षणी कळत असते. भर रस्त्यात पडद्याकडे पाहत चालणे तर सरळसरळ जिवावरचे. खेळ उघडताच तो स्वतःच तशी सूचना देतो, ती मुलांनी न वाचता पुढे सारू नये. माझे मत विचाराल तर लहान मुलाने तो एकट्याने खेळूच नये. घरातल्या मोठ्या माणसाने बरोबर चालावे. त्यात मुलाचे रक्षण होते आणि मोठ्या माणसाचे पायही मोकळे होतात.

बरोबर चालण्याचा आणखी एक लाभ मला त्या दिवशी दिसला. खडेबाजारातून मी पन्नास वर्षे जात-येत आहे. पण नेहमी काही आणावयास किंवा कोठे पोहोचावयास. त्या शनिवारी आम्हांला कोठेच पोहोचावयाचे नव्हते. दर शंभर पावलांवर थांबत, वर-खाली पाहत आम्ही चाललो. एका जुन्या माडीची कोरीव लाकडी कडी प्रथमच नीट दिसली. बंद झालेल्या एका दुकानाच्या फळीवर आजही जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेले मालाचे भाव दिसले. तेच दिवस आषाढी वारीचे. एकादशी ६ जुलैला होती, आणि वारकरी पंढरीच्या वाटेवर पावसात चालत होते. त्यांच्या चालण्याशी आमच्या भटकंतीची तुलना करणे धारिष्ट्याचे होईल. पण पायी चालणाऱ्यालाच वाटेचे खरे रूप दिसते हे त्यांच्याकडून शिकावे, एवढे म्हणता येईल.

जुलैत शाळेत मी एक लहानसा उपक्रम घेतला. सहावी-सातवीच्या मुलांना प्रत्येकी एक चाळीस पानी वही आणावयास सांगितली आणि तिच्यावर 'आमचा ऋतू' असे लिहून दिले. घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावयाचे, की अमुक महिन्यात पूर्वी काय दिसे, काय पिके, काय खेळले जाई आणि त्याला काय म्हणत. भाषेचे बंधन ठेवले नाही. जो शब्द घरात असेल तो, कन्नड असेल तर कन्नड, कोकणी असेल तर कोकणी. महिन्याभरात वह्या भरू लागल्या. करवंदांच्या तिघा-चौघा जातींची नावे आली, गारांना वेचून खाण्याच्या रीती आल्या, सुरपारंब्यांचे नियम आले. एका मुलीच्या आजीने मृगाच्या किड्याचे चित्र स्वतःच्या हाताने काढून दिले होते. शाळेत कधी न गेलेल्या हाताने काढलेले ते चित्र, आठही पाय अचूक. एका मुलाने मात्र एक पान कोरे ठेवले होते. खाली लिहिले होते, "आजोबांना खूप माहीत होते असे बाबा म्हणतात. आजोबा गेल्या वर्षी वारले."

ते पान मी पुनःपुन्हा पाहिले. तळी बुजतात तशी माणसेही निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर एक-एक उन्हाळा जातो. ताजिरीसारखा कल्पक पुरुष प्रत्येक गावात जन्मेलच असे नाही. पण चाळीस पानी वही प्रत्येक घरात येऊ शकते.

वळवाच्या मारुतीचे नाव मान्य होऊन यावयास काही आठवडे लागले. तोवर खेळातला उन्हाळा संपत आला होता. सप्टेंबरच्या आरंभी नवा हंगाम लागला. भाचीने पुण्याहून कळवले, की तिने पडद्यावर ते नाव पाहिले, इंग्रजी अक्षरांत का होईना, पण 'वळवाचा'. आता सॅन फ्रान्सिस्कोचा कोणी प्रवासी कधी काळी खडेबाजारात आला आणि त्याने ती निळी चकती फिरवली, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात गारा पडतात आणि तेव्हा सारा बाजार एका पिंपळाखाली गोळा होतो, एवढे त्याला समजेल.

वाचकहो, आपण नर्मदेकाठी राहत असाल, गोदावरीच्या तीरी असाल किंवा तंजावरच्या जुन्या वाड्यात. येत्या सुट्टीत घरातली मुले असा काही खेळ घेऊन बसली, तर त्यांना नुसते रागावू नका आणि नुसते सोडूनही देऊ नका. चपला घाला, त्यांच्याबरोबर बाहेर पडा. त्यांच्या पडद्यावर काय दिसते ते त्यांच्याकडून समजून घ्या. आणि त्या पडद्यावर जे दिसत नाही, ते बोट दाखवून, नाव घेऊन, त्यांना सांगा.